गरळाचे पृथक्करण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विष या पदार्थाविषयी युरोपातील रसायनशास्त्रज्ञांची एक कल्पना अगदी पक्की होऊन बसली होती. अफूतून मॉर्फीन, कुचल्यातून स्ट्रिक्नीन, तंबाखूतून निकोटीन अशी कडवट, अल्कधर्मी द्रव्ये त्यांनी एकामागून एक वेगळी करून दाखविली होती. आणि ज्या अर्थी वनस्पतींची मारक शक्ती अशा एकेका अल्कलॉइडात सापडली, त्या अर्थी सापाच्या गरळातही असेच एखादे द्रव्य दडलेले असणार आणि ते एकदा हुडकून बाटलीत भरले की त्यावरचा उताराही हाती येण्यास वेळ लागणार नाही, असा त्यांचा अदमास होता. गरळ मद्यार्कात टाकले की पांढरा साका खाली बसे. पण तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या जातीचा, म्हणजे मनुष्य रोज ज्याने पोट भरतो त्याच वर्गातला निघाल्यामुळे त्याच्यावर कोणी फारसा संशय घेईना. जे अन्नात असते ते माणसाला मारील कसे, ही ती शंका होती, आणि ती अगदीच खुळी म्हणता येणार नाही.

त्यापूर्वीचे तर्क तर याहून विलक्षण होते. लंडनचे वैद्य रिचर्ड मीड यांनी १७०२ साली सूक्ष्मदर्शकाखाली विषात सुईसारखे टोकदार क्षार पाहिल्याचे लिहून, हीच टोके रक्त फाडतात असा सिद्धान्त मांडला होता. फ्लॉरेन्सच्या दरबारी असलेले निसर्गशास्त्रज्ञ फेलिचे फोंताना यांनी सहा हजारांवर प्रयोग करून १७८१ च्या आपल्या ग्रंथात तो मोडीत काढला: विष आम्लही नाही, अल्कलीही नाही, आणि मीड यांना दिसले ते क्षार नसून वाळलेल्या विषाला पडलेले तडे होत, असे त्यांनी दाखविले, मात्र मद्यार्काने खाली बसणारा तो साका पाहून, गरळ हा एक प्रकारचा डिंकच होय असा निर्वाळाही त्यांनीच देऊन टाकला. पुढे १८४३ मध्ये नेपोलियनच्या घराण्यातील लुसिएन बोनापार्ट यांनी हाच साका धुऊन वाळवून त्याला स्वतंत्र नाव दिले, आणि १८८१ मध्ये पॅरिसचे गोतिए यांनी गरळातून अल्कलॉइड काढल्याचा दावा करून जुन्या मताला पुन्हा उचल दिली. या घोळातून वाट काढली ती फिलाडेल्फियाचे डॉक्टर वीअर मिचेल यांनी. त्यांनी एडवर्ड राइकर्ट यांच्या साहाय्याने लिहिलेला प्रबंध १८८६ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने छापला. गरळातील मारक अंश प्रथिनच आहे, आणि ते एक नसून अनेक आहेत. उकळल्याने काही थिजतात, काही थिजत नाहीत, आणि दोहोंचे शरीरावरील परिणाम निरनिराळे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आज हे वाक्य शाळेतल्या पुस्तकात शोभेल. त्या दिवशी ते धाडसाचे होते.

हिंदुस्थानात हा प्रश्न तात्त्विक राहिलेला नव्हता. कलकत्त्याचे सर्जन जोसेफ फेअरर यांनी सरकारदप्तरांतून जमविलेल्या माहितीप्रमाणे १८६९ या एका सालात, देशाच्या केवळ काही भागात, अकरा हजारांवर माणसे सर्पदंशाने दगावली होती. सरकारचा पहिला उपाय, सरकारी उपाय असतात तसा, इनामाचा होता. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशामागे इनाम जाहीर होताच डिसेंबर १८६२ मधील आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. एवढा हिशेब चुकता करताना कचेरीतील कारकुनांची काय दशा झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. इनामाने फुरसे संपले नाही, तिजोरीला मात्र तोशीस लागली. फेअरर यांनी लॉडर ब्रंटन यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांतून नागाचे विष श्वासाच्या स्नायूंना लुळे करून मारते एवढे निश्चित झाले. परंतु ते लुळेपण आणणारे द्रव्य कोणते, हे सांगण्याचे साधन कोणापाशी नव्हते.

ते साधन सिडनीत तयार झाले. तेथे शरीरक्रियाशास्त्र शिकविणारे चार्ल्स मार्टिन हे ऑस्ट्रेलियातील काळ्या सापाच्या विषावर काम करीत असताना त्यांनी १८९६ च्या सुमारास एक गाळणी बनविली. जंतू गाळण्यासाठी वापरतात ती चिनी मातीची शांबरलां नळी घ्यावयाची, तिच्या सूक्ष्म छिद्रांत गरम जिलेटीन भरून ते थिजू द्यावयाचे, आणि मग विषाचा द्राव सुमारे पन्नास वातावरणांच्या दाबाखाली त्या थिजलेल्या जिलेटिनातून दामटावयाचा. मोठ्या कणांची प्रथिने अलीकडे अडकत, लहान पलीकडे उतरत. अडकलेला भाग जनावराला टोचला तर रक्ताच्या गुठळ्या होत आणि रक्तस्राव होई; उतरलेला भाग टोचला तर रक्ताला काही होत नसे, पण श्वास मंदावत जाऊन थांबे. हाच भेद त्यांनी उष्णतेनेही पडताळून पाहिला: सुमारे ८५ अंशांपर्यंत तापविलेल्या विषाची रक्तावरील मात्रा नाहीशी होई, मज्जातंतूंवरील कायम राहत असे. एका दंशात दोन स्वतंत्र मारेकरी असतात, हे मिचेल यांनी सुचविले होते. मार्टिन यांनी ते दोन पात्रांत वेगळे करून ठेवले. प्रथिनाचा कण आकाराने केवढा आहे यावरून त्याला ओळखावयाचे, या आजच्या प्रयोगशाळेतील रोजच्या व्यवहाराची ती सुरुवात होय.

दरम्यान १८९४ साली फ्रान्समध्ये प्रतिविषाचा शोध लागला होता. सायगावला नागाच्या विषाशी गाठ पडलेले आल्बेर काल्मेत यांनी घोड्याला वाढत्या मात्रेने विष टोचून त्याच्या रक्तरसातून ते मिळविले, आणि नागाच्या विषावर बनविलेला हा एकच रक्तरस साऱ्या जगातील सर्पविषांवर चालेल, असे ठासून सांगितले. या दाव्याची झाडाझडती ज्या जागी झाली ती आपल्या मुंबईतली आहे. परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस, जेथे पूर्वी लाटसाहेबांच्या मेजवान्या झडत, ते १८९९ मध्ये हाफकिन यांच्या प्लेगच्या प्रयोगशाळेसाठी देण्यात आले. आणि त्याच इमारतीत, प्लेगची लस बाटल्यांत भरली जात असताना, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन जॉर्ज लँब आणि त्यांचे सहकारी विल्यम हॅना हे नाग आणि घोणस यांच्या विषांची तुलना करीत होते. नागाच्या विषाने श्वास बंद पडतो, तर घोणशीच्या विषाने रक्तवाहिन्यांतच रक्त गोठते, हे त्यांनी पाहिले. आणि काल्मेत यांचा रक्तरस घोणशीच्या विषापुढे अगदी निष्प्रभ ठरतो, हेही पाहिले.

लँब एवढ्यावर थांबले नाहीत. त्या काळी जर्मनीत उलेनहुट यांनी, रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा हे ओळखण्यासाठी एक युक्ती काढली होती: सशाला एखादे प्रथिन वारंवार टोचले की त्याच्या रक्तरसात ते प्रथिन नेमके ओळखून त्याचा साका पाडण्याची शक्ती येते. लँब यांनी ही युक्ती विषाला लावली, आणि १९०२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये, साका पडतो की नाही यावरून निरनिराळ्या सापांच्या विषांतील प्रथिने परस्परांपासून ओळखता येतात, असे प्रतिपादन केले. जेथे रासायनिक परीक्षा दोन प्रथिनांत भेद करू शकत नव्हती, तेथे सशाचे रक्त तो करीत होते. यापुढील सरकारी निबंधांत त्यांनी निष्कर्ष मांडला की ज्या विषावर रक्तरस बनविला त्याच विषावर तो चालतो, दुसऱ्यावर बहुधा चालत नाही. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील हे स्वतंत्रपणे याच निर्णयाला पोहोचले होते. काल्मेत यांचे नाव मोठे, पाठीशी पाश्चरची संस्था. परंतु या वादात परळचा फैसलाच खरा ठरला. मौज अशी की १९०५ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेचे संचालक या नात्याने मार्टिन हे प्लेगच्या चौकशीसाठी परळलाच आले, लँब यांच्या जोडीने कामाला लागले, आणि सर्पविषाचे हे दोन जाणते पंडित तेथे उंदरांच्या पिसवा मोजीत बसले. त्या मोजणीतून जे निघाले ते आणखी मोठे होते, पण तो निराळा विषय आहे.

पुढची तीस वर्षे या कथेत तशी मंद गेली. नागाचे विष रक्तातील तांबड्या पेशी फोडते ते लेसिथिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे विघटन करणाऱ्या एका एंझाइमामुळे, हे उमगले. लंडनच्या मॅकफर्लेन व बार्नेट यांनी १९३४ मध्ये, ज्यांचे रक्त थांबता थांबत नाही अशा हीमोफिलियाच्या रोग्यांच्या जखमेवर घोणशीचे विष अत्यंत विरल करून लावले आणि रक्त थांबविले. कलकत्त्यात बी. एन. घोष आणि एस. एस. डे हे नागाच्या विषातील मज्जाघातक आणि रक्तपेशी फोडणारे अंश अलग करण्याच्या खटपटीत होते. पण अमुक एक विष संपूर्ण शुद्ध स्वरूपात हाती आले, असे म्हणण्याची हिंमत अद्याप कोणाला झाली नव्हती.

ती हिंमत साओ पाउलो शहराबाहेरील बुतांतां संस्थेत झाली. ही संस्थाही परळप्रमाणेच प्लेगाच्या भीतीतून जन्मली होती: १८९९ मध्ये सांतुस बंदरात प्लेग उतरला, त्यावरील लस करण्यासाठी ही जागा घेण्यात आली, आणि नंतर व्हितल ब्राझील यांच्या हाताखाली ती सर्पविषाचे जगप्रसिद्ध केंद्र बनली. १९३५ मध्ये तेथे कार्ल स्लोटा नावाचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आले. ब्रेस्लाऊ येथे प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक शुद्ध रूपात मिळविणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांपैकी ते एक. परंतु पत्नी ज्यू घराण्यातील, आणि हिटलरचा अंमल सुरू झालेला, म्हणून मायदेश सोडणे भाग पडले. त्यांच्या मागोमाग त्यांचे मेहुणे हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट हेही येऊन दाखल झाले. या दोघांनी दक्षिण अमेरिकेतील रॅटलस्नेकचे, म्हणजे शेपटी खुळखुळविणाऱ्या सापाचे, वाळविलेले विष हाती घेतले.

त्या काळचा शुद्धतेविषयीचा दंडक येथे सांगितला पाहिजे. सम्नर यांनी १९२६ मध्ये युरिएझ आणि नॉर्थ्रप यांनी १९३० मध्ये पेप्सिन स्फटिकरूपात मिळविल्यापासून, जे प्रथिन स्फटिक देते ते एकजिनसी, अशी एक समजूत रूढ होत चालली होती. स्लोटा आणि फ्रेंकेल-कॉनराट यांनी द्रावाची आम्लता आणि उष्णता बेताबेताने बदलीत नको ती प्रथिने थिजवून काढून टाकली, आणि १९३८ साली उरलेल्या द्रावातून स्फटिक खाली बसविले. त्याला त्यांनी क्रोटॉक्सिन म्हटले. सर्पविषातील प्रथिन स्फटिकरूपात माणसाच्या हाती आले ते प्रथमच. मूळ विषाच्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन या एका पदार्थाचे होते. स्वीडनमध्ये उप्साला येथे स्वेडबर्ग यांच्या अतिवेगाने फिरणाऱ्या अपकेंद्र यंत्रात तो घालून पाहिला, तेव्हा तो एकाच वेगाने, एकाच पट्ट्यात खाली गेला, आणि त्याचा रेणुभार ३०,००० च्या आसपास निघाला. पुढे विद्युत्प्रवाहाच्या परीक्षेतही तो दुभंगला नाही. स्फटिक एक, पट्टा एक, वजन एक: तीन साक्षी जुळल्यावर आरोपी एकच आहे याविषयी न्यायाधीशाला शंका कशी यावी? तरी एक गोष्ट खटकत होती. हा एकच पदार्थ मज्जातंतूंवरही चाले आणि लेसिथिनही फोडी. एका रेणूची ही दोन कामे, की दोन रेणू एकमेकांच्या आड लपलेले, हा प्रश्न युद्धाच्या धामधुमीत तसाच राहून गेला.

या मधल्या काळात विद्युत्प्रवाहाने प्रथिने वेगळी करण्याची विद्या, ज्याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात, बरीच पुढे गेली. १९३७ मध्ये उप्साला येथेच टिसेलियस यांनी बनविलेले यंत्र अवाढव्य आणि महाग होते. पण ओल्या स्टार्चच्या थरात हेच काम होऊ लागल्यावर ते गरीब प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आले. तैवानमधील तैपेईच्या विद्यापीठात औषधक्रियाशास्त्राचे प्राध्यापक ली चेन-युआन आणि त्यांचे सहकारी चांग चुआन-चिउंग यांनी याच पद्धतीने तेथील पट्टेरी मण्यारीचे विष तपासावयास घेतले. लांबट साच्यात स्टार्चचा ओला लगदा थापावयाचा, एका ठिकाणी चीर पाडून तीत विष घालावयाचे, दोन टोकांना विद्युत्प्रवाह जोडून ठेवावयाचा; मग ज्या प्रथिनावर जसा भार त्याप्रमाणे ते त्या लगद्यातून कमीअधिक अंतर सरकते. शेवटी सुरीने लगद्याचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकडा धुऊन त्यातील प्रथिन काढावयाचे, आणि त्याची परीक्षा उंदराच्या श्वासपटलावर घ्यावयाची.

ही परीक्षा थोडी बारकाईने सांगण्याजोगी आहे. श्वासपटलाचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट काढून कोमट क्षारद्रावात टांगतात. मज्जातंतूला विजेचा झटका दिला की त्याच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवते, ते स्नायूवरील ग्राहकाला चिकटते, आणि स्नायू आकुंचन पावतो. ली आणि चांग यांच्या एका तुकड्यातील प्रथिन त्या द्रावात पडताच मज्जातंतूची हाक स्नायूला ऐकू येईनाशी झाली. बाहेरून ॲसिटिलकोलीन घातले तरी तो हलेना, पण थेट स्नायूलाच झटका दिला तर तो पूर्वीसारखा आकसे. म्हणजे स्नायू शाबूत, मज्जातंतूही शाबूत. बंद झाला होता तो ग्राहक. दुसऱ्या तुकड्यातील प्रथिनाने याच्या उलट घडले: बाहेरून घातलेल्या ॲसिटिलकोलीनाला स्नायू प्रतिसाद देई, पण मज्जातंतूच्या टोकातून ते द्रव्य सुटणेच थांबले होते. पहिल्याला त्यांनी आल्फा-बंगारोटॉक्सिन म्हटले, दुसऱ्याला बीटा-बंगारोटॉक्सिन, आणि १९६३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध केला. मिचेल यांच्या काळी जो अंश ‘मज्जाघातक’ या एका शब्दात मावत होता, त्याचे आता घाव कोणत्या जागी बसतो यावरून दोन भाग पडले.

आल्फाचे पुढचे नशीब तर विषाला न शोभणारे आहे. तो ग्राहकाला इतका घट्ट चिकटतो की सहजी सुटत नाही. याच गुणाचा उपयोग करून पॅरिसचे शांझ्यू यांनी ली यांच्या सहकार्याने १९७० मध्ये विजेच्या माशाच्या इंद्रियातून, तोवर केवळ तर्काने मानलेला, ॲसिटिलकोलीनचा ग्राहक प्रत्यक्ष प्रथिन म्हणून ओळखून दाखविला. स्नायूंना झपाट्याने थकवा आणणाऱ्या मायस्थेनिया या रोगात हाच ग्राहक कमी झालेला असतो, हेही १९७३ मध्ये या विषाच्या साहाय्यानेच उघड झाले. ली यांच्याविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही: सारा जन्म प्रयोगशाळेत घालविलेला हा माणूस १९९१ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, तैवानच्या राजद्रोहाच्या जाचक कलमाविरुद्ध रस्त्यावर येऊन बसला होता.

बीटाचा महिमा मात्र आपल्या खेड्यांतून कळतो. मण्यार रात्री अंथरुणात चावते, जागा दुखत नाही, सुजत नाही; पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. बीटा जातीचे विष मज्जातंतूच्या टोकाचीच नासधूस करते, आणि ते टोक पुन्हा नीट होण्यास दिवस लागतात. म्हणून एकदा लुळेपण आल्यावर प्रतिविष पुष्कळ देऊनही रोगी लगेच उठत नाही, त्याला यंत्राने श्वास देत ठेवावे लागते. नागाच्या दंशात घाव ग्राहकावर असतो, आणि तेथे निओस्टिग्मीन या औषधाने पुष्कळदा लवकर गुण येतो. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नाग आणि मण्यार यांच्या दंशाविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना तैपेईच्या स्टार्चच्या तुकड्यांचा अर्थ अधिक नीट उमगतो.

क्रोटॉक्सिनचा निकाल लागावयाचा राहिला होता. तो लावणारा मनुष्य फ्रेंकेल-कॉनराट हाच. ब्राझील सोडून ते अमेरिकेत गेले, आणि १९५५ मध्ये तंबाखूच्या रोगाचा विषाणू सुट्या भागांतून पुन्हा जोडून दाखविल्यामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु तरुणपणच्या त्या स्फटिकाने त्यांची पाठ सोडलेली नसावी. क्रोटॉक्सिन दुभंगते असे पन्नाशीच्या दशकात इतरांच्या व त्यांच्याही प्रयोगांत दिसू लागले होते, आणि १९७१ मध्ये हेंडन यांच्याबरोबर त्यांनी दोन्ही घटक स्वच्छ वेगळे करून त्यांची कामे सांगितली. एक घटक अल्कधर्मी: तो लेसिथिन फोडणारा एंझाइम, पण एकटा टोचला तर विष म्हणून सौम्य. दुसरा आम्लधर्मी: तो एकटा अगदी निरुपद्रवी. दोघांना पुन्हा एकत्र केले की मूळची मारकता परत येते. निरुपद्रवी घटक एंझाइमाला वाटेत भलतीकडे चिकटू देत नाही, नेमक्या मज्जातंतूच्या टोकाशी नेऊन पोहोचवितो. १९३८ च्या तीन साक्षी खोट्या नव्हत्या. जे दोघे सदैव हातात हात घालून फिरतात ते यंत्राला एकच दिसणार. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा धडा १९७१ चा हा निबंधच देतो, आणि तो आपल्याच कीर्तीला छेद देऊन दिला गेला म्हणून त्याचे मोल अधिक.

यानंतरची प्रगती वेगाने झाली, आणि ती थोडक्यात सांगता येते. प्रथिनातील ॲमिनो आम्लांचा क्रम वाचता येऊ लागला. तैवानच्या नागाचा कोब्रोटॉक्सिन ६२ ॲमिनो आम्लांचा, आल्फा-बंगारोटॉक्सिन ७४ चा, आणि दोघेही एकाच घराण्यातील भाऊबंद, असे ठरले. एकविसाव्या शतकात गरळातील झाडून सारी प्रथिने द्रवस्तंभातून वेगळी करून, ट्रिप्सिन या एंझाइमाने त्यांचे तुकडे पाडून, त्या तुकड्यांची वस्तुमाने मोजून ओळखण्याची रीत स्पेनमधील वालेन्सियाच्या हुआन काल्वेते यांनी रुळविली. २०२० मध्ये आपल्या नागाचा संपूर्ण जीनोमही वाचून झाला. ज्या यादीसाठी मार्टिन यांना पन्नास वातावरणांचा दाब लागला आणि तरी दोनच नोंदी मिळाल्या, ती आता एका नमुन्यातून काही दिवसांत निघते.

आणि या यादीनेच एक जुनी अडचण नव्याने समोर आणली आहे. एकाच जातीच्या सापाचे विष मुलखामुलखाप्रमाणे बदलते. एकीकडे एक प्रथिन प्रबळ, दुसरीकडे दुसरे. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर घोड्याच्या रक्तरसापासून बनते, आणि त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा लोकांच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. या लोकांचे कसब वादातीत आहे. पण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्य प्रांतांतील आणि या चारांबाहेरील जातींच्याही सापांच्या विषावर हे प्रतिविष तपासले, तेव्हा राजस्थानातील सिंध मण्यार किंवा बंगालमधील एकचष्मी नाग यांच्यापुढे ते बरेच तोकडे पडल्याचे आढळले. जेथे वर्षाला सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने मरतात असा अंदाज आहे, त्या देशात ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगी नाही. प्रत्येक राज्यात तेथल्या सापांचे विष गोळा करण्याची आणि त्याचे पृथक्करण करण्याची सरकारी तजवीज व्हावी, ही जाणकारांची मागणी रास्त आहे, आणि ज्या महाराष्ट्राच्या राजधानीत विषाविषाचा भेद सव्वाशे वर्षांपूर्वी सिद्ध झाला त्याने ती सर्वांआधी मान्य करावी.